येळवशीची भरलेली गाडी

परवा सकाळी फोन उघडला तर गावाकडच्या ग्रुपवर येळवशीच्या शुभेच्छांचा नुसता पूर. डोक्यावर आंबिलाचं बिंदगं, म्हणजे मातीची घागर, घेतलेली चित्रातली बाई, कोरी करकरीत साडी, नाकात नथ. तिच्यामागे उगवता सूर्य आणि सूर्याची निम्मी जागा अडवून बसलेला कुण्या पुढाऱ्याचा हसरा चेहरा. खाली जोडलेले हात, त्या हातांखाली आणखी हात. आणि ग्रुपचं नाव? अजून तेच. 'आपली गाडी वाचवा.' गाडी जाऊन दोन येळवशी उलटल्या. निदान नाव तरी बदलावं! तेवढीही लाज कुणाला वाटली नाही. मला अशी शिसारी आली, की हातातला चहा तसाच ठेवून दिला.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडची ही अमावस्या नांदेडात कुणाला फारशी ठाऊक नसते. मी लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा शेजारणींना सांगून सांगून थकले, की बायांनो, त्या दिवशी आमच्याकडे गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची, 'ओलगे ओलगे' म्हणत शेताला फेरी घालून आंबील शिंपडायचं. त्या 'ओलगे'चा अर्थ आम्हाला कुणालाच माहीत नाही. कानडीतून आलंय म्हणतात. मग जेवण. बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, आणि भज्जी. ही भज्जी तळायची नसते. तुरीचे कोवळे दाणे, वाल, वाटाणा, हरभरा, चिंच, हिरवी पात, शेतात जे जे म्हणून त्या दिवसांत हिरवं सापडेल ते ते सगळं बेसनात रटरटा शिजवायचं. वर लसणाच्या फोडणीचं गार आंबील. पौषाच्या तोंडाशी ते ऊन, तो वारा, आणि जेवून जड झालेले डोळे.

आणि येळवशीचा एकच कायदा आहे. रस्त्यानं जाणाऱ्याला जेवल्याशिवाय पुढं सोडायचं नाही. ओळखीचा असो, अनोळखी असो, वसुलीला आलेला असो, हात धरून आणायचा आणि बसवायचा. नाही म्हणणाऱ्याला आमच्याकडे उलट्या काळजाचा म्हणतात. त्या दिवशी नाही कुणी म्हणतच नाही.

माझं माहेर औशाकडचं. जुनं गाव भूकंपात गेलं. नवं गाव सरकारनं माळावर वसवलं, एकासारखं एक घर, सरळ रेघेत. पहिल्या वर्षी माणसं आपलं घर समजून दुसऱ्याच्या घरात शिरायची आणि रडत बाहेर यायची, कारण ज्याच्या घरात शिरलो त्याच्याही घरातलं कुणी तरी गेलेलं असायचं. त्या दिवसांत मंत्र्यांच्या गाड्या अशा यायच्या की माळावर धूळ खाली बसायची नाही. एकानं विचारलं, "बोला, काय पाहिजे?" लोक घर बोलले, भांडी बोलले, पत्रे बोलले. माझे दादा, म्हणजे वडील, बोलले, "गाडी पाहिजे." का, तर आमची निम्मी माणसं लातूरच्या दवाखान्यात पडलेली, आणि नवं गाव रस्त्यापासून आत. भेटायला जायचं कसं? मंत्र्यानं मान हलवली. आश्चर्य म्हणजे एसटीची गाडी खरंच सुरू झाली. सकाळी गावातून लातूर, संध्याकाळी परत. लाल, खडखडणारी, खिडकीच्या काचा न लागणारी.

दवाखान्यातली माणसं काही घरी आली, काही नाही आली. गाडी मात्र राहिली. मग लातूरला क्लासेसचं पीक आलं. मी जेव्हा जेव्हा लातूरला उतरते तेव्हा मला त्या शहराची भीती वाटते. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पोरांच्या तोंडांची होर्डिंगं. ह्याला इतके मार्क, तिला तितके मार्क. घराघरात पार्टिशन ठोकून खोल्या काढलेल्या, एका खोलीत चार पोरं, चार खाटा, भिंतीवर चार वेळापत्रकं. जिन्याखाली मेस. त्या मेसच्या वरणाचा वास एकदा नाकात गेला की दिवसभर जात नाही. ज्यांच्या घराच्या भिंती पडल्या त्यांची पोरं ह्या पार्टिशनांत येऊन डॉक्टर व्हायला बसली. त्यात वाईट काय? काहीच नाही. भिंती पडल्यावर माणूस काय करील, शिकवीलच की पोरांना.

तर दवाखान्यासाठी मागितलेली गाडी पोरांचे डबे न्यायला लागली. आमच्या भागात ही रीत सगळ्यांना माहीत आहे. सकाळी आई डबा भरते, त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. थांब्यावर येऊन कंडक्टरच्या हातात देते. लातूरच्या स्टँडवर पोरं येऊन थांबलेली असतात, ती आपापला डबा उचलतात आणि कालचा रिकामा डबा गाडीत ठेवतात. ह्याला ना तिकीट, ना पावती, ना कुणाची परवानगी. चालत आलं म्हणून चालत होतं.

आमच्या गाडीवर कंडक्टर होते मन्मथअप्पा. उदगीरकडचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि जिभेवर जाळ. त्यांना कुणी प्रेमळ म्हटलं असतं तर त्यांना राग आला असता. डबे मागच्या बाकाखाली स्वतः रचायचे, आणि लातूरला उतरल्यावर एकेक नाव घेऊन पोरांना झाडायचे. "खरकटा डबा माझ्या गाडीत चढायचा न्हाई, सांगून ठेवतो! आई काय तुमची मोलकरीण हाय का? घासून आणा." कुणाचा डबा तसाच भरलेला परत आला की जास्तच चिडायचे. "कामून खाल्लं न्हाई? ताप हाय का? मग सांगायला तोंड न्हाई का?" संध्याकाळी गावात पोचल्यावर त्या आईला सांगायचे, तुझी पोरगी जेवत नाही, जाऊन बघून ये. माझी भावजय महादेवी म्हणायची, "आक्का, ह्यो माणूस हाय म्हणून मी झोपते."

महादेवीची मुलगी भाग्यश्री तेव्हा बारावीला लातुरात होती. मुलांचं काय, मुलगा असला की बाप मेसला पैसे भरतो आणि मोकळा होतो. मुलींची गोष्ट वेगळी. माझा भाऊ शिवराज वाईट नाही, पण भित्रा आहे. गावात चारचौघांनी काय म्हटलं ह्याच्यावर त्याची झोप ठरते. त्यानं पोरीला लातूरला पाठवताना एक अट घातली होती. "घरचा डबा पोचतोय तवर शिकायचं. मेसच्या अन्नावर, गल्लोगल्ली जेवायला हिंडत पोरीनं राहायचं न्हाई." गावातल्या इतर मुलींच्या बापांचीही थोड्याफार फरकानं तीच अट. म्हणजे ती गाडी चालू तर मुलींचं शिक्षण चालू. इतकं सरळ होतं ते. महादेवी पहाटे उठून भाकरी थापायची ती पोरीची भूक भागवायला नव्हे, नवऱ्याची अट भागवायला.

आणि मग सरकारला काटकसर सुचली.

काटकसर हा माझ्या आईचा शब्द. ती एका काडीत चूल आणि दिवा दोन्ही पेटवायची. सगळ्यांना वाढून झाल्यावर जे उरेल ते खायची आणि म्हणायची, मला भूकच नव्हती. तिची काटकसर तिच्या ताटापासून सुरू व्हायची. सरकारची काटकसर नेहमी दुसऱ्याच्या ताटापासून कशी सुरू होते, हे कोडं मला ह्या वयातही सुटलेलं नाही. तालुक्याच्या गावाला स्वागताची कमान उभी राहत होती, एवढी मोठी, की तिच्याखालून जाताना माणसाला आपण मुंगी आहोत असं वाटावं. पेपरची पानंच्या पानं जाहिरातींनी भरत होती. बायकांना अर्धं तिकीट म्हणून पाट्या लागल्या होत्या. आणि आमच्या थांब्यावर एक कागद चिकटला, की तोट्यातल्या फेऱ्या बंद करण्याचं विचाराधीन आहे. तिकीट अर्धं आणि गाडी अख्खी गायब! काय म्हणावं ह्या अकलेला?

ग्रुप निघाला तो ह्या कागदामुळे. काढला ओंकारनं. ओंकार आमच्या गावचा, पुण्यात कंपनीत. पोरगा गुणी, बोलायला चटपटीत, गावासाठी जीव टाकणारा. मात्र टाकायचा तो पुण्यातून. बघता बघता ग्रुप फुगला. पुण्यातले, हैदराबादेतले, नांदेडातले, कुठले कुठले गावकरी. मी मराठीची मास्तरीण, म्हणून निवेदन लिहायचं काम माझ्याकडे. खरं सांगते, पहिले काही दिवस मला भरून आलं होतं. वाटलं, भूकंपानं विखुरलेलं गाव पुन्हा एका ठिकाणी बसलंय. लोक खरंच बोलत होते. कुणी लिहिलं, ह्या गाडीनं मी माझ्या बायकोला बाळंतपणाला नेलं. कुणी लिहिलं, आमचा पगार नाही वाढत, भाव वाढतात, आणि वरून गाडीपण काढून घेता? एका निवृत्त तलाठ्यानं लिहिलं, मोठ्यांची कर्जं माफ होतात तेव्हा तोटा कुठं जातो? हे सगळं खरं होतं, आणि नीट, स्वच्छ रागानं लिहिलेलं होतं.

पण ग्रुपला रागाचा कंटाळा लवकर येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी सुविचार सुरू झाले. मग वाढदिवस. मग ह्या पक्षाचे आणि त्या पक्षाचे एकमेकांच्या उरावर. एकानं तर गुडघेदुखीवर मेथी कशी खावी ते टाकलं. ओंकार वैतागला. म्हणाला, "आपल्याला एक जबरदस्त व्हिडिओ लागतो. लोकांनी बघितल्याबरोबर शेअर केला पाहिजे." तेवढ्यात येळवस आली.

त्या वर्षी लातूरच्या क्लासवाल्यांनी येळवशीलाच टेस्ट ठेवली. शहराला सुट्टी, शाळा-कॉलेजं बंद, क्लास चालू. पोरांना शेतात यायला मिळणार नाही म्हटल्यावर गावातल्या बायांनी ठरवलं, पोरं येत नाहीत तर येळवस पोरांकडे जाईल. पहाटेच चुली पेटल्या. मी आदल्या दिवशीच माहेरी आले होते. महादेवीनं एवढी भज्जी शिजवली की अख्ख्या वर्गाला पुरावी. "भाग्यश्रीच्या खोलीतल्या पोरी काय उपाशी बघतेत व्हय?" प्रत्येक घरात हेच. डबे, कॅन, कळशा, फडक्यानं तोंड बांधलेली आंबिलाची बिंदगी, सगळं थांब्यावर येऊन लिंबाच्या झाडाखाली मांडलं गेलं.

शिवराजचं शेत थांब्याला लागून. गाडी आली तशी बायांनी ती अडवलीच. मन्मथअप्पा पायरीवरून ओरडले, "ही गाडी हाय का टेम्पो? लगीन हाय का कुणाचं?"  महादेवीनं ड्रायव्हरला आणि अप्पांना हाताला धरून शेतात नेलं आणि पत्रावळीसमोर बसवलं. अप्पा कुरकुरत बसले, "उशीर होतो, ताई, पोरं थांबलेली असतेत," म्हणत उंडा भज्जीत कुस्करला, आणि दोनदा आंबील मागून घेतलं. मिशीला लागलेलं आंबील उपरण्यानं पुसत उठले, पांडवांना हात जोडले, आणि मग स्वतः डबे चढवायला लागले. बाकांवर डबे, बाकांखाली डबे, मधल्या वाटेत बिंदगी. सांडू नये म्हणून अप्पांनी स्वतःचं उपरणं दोन बिंदग्यांच्या मधे खोचलं. त्या दिवशी गाडीत माणूस नव्हता. असणार कुठून? सगळं गाव शेतात जेवत होतं.

ओंकार पुण्याहून खास आला होता. त्यानं हे सगळं शूट केलं. गाडीच्या आत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कॅमेरा फिरवला. अप्पांना म्हणाला, "अप्पा, एकदा हसा की!" अप्पा कधी न हसणारे, पण पोटात आंबील गेलेलं, हसले. डबे रचलेल्या गाडीच्या दारात, छातीवर बिल्ला, आणि तोंडभर हसू. खाली ओंकारनं लिहिलं, 'कोण म्हणतं आमची गाडी तोट्यात आहे? बघा, किती भरून चाललीय!'

आम्हाला सगळ्यांना ती गाडी भरलेली दिसली. मलाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. एवढ्या मोठ्या ग्रुपात, शिकलेले, सवरलेले, कागद हाताळलेले लोक, एकाच्याही डोक्यात आलं नाही की ज्याला गाडीतली माणसं मोजायची आहेत त्याला ह्यात काय दिसेल. त्याला एक सरकारी गाडी दिसेल, जिच्यात एकही प्रवासी नाही. आणि फुकट माल चढवून हसणारा एक कंडक्टर दिसेल, नावाच्या बिल्ल्यासकट.

व्हिडिओ तुफान चालला. सगळीकडून बदाम आले. लातूरच्या बातम्यांत दाखवला. ओंकारनं मंत्र्यांना टॅग केलं, साहेबांना टॅग केलं, दिसेल त्याला टॅग केलं. दोन दिवसांनी सरकारी खात्यावरून उत्तर आलं, 'आपल्या पोस्टची दखल घेण्यात आली आहे.' अरे देवा, काय आनंद झाला आमच्या ग्रुपला! 'दखल घेतली! दखल घेतली!' फटाके काय, गुलाल काय, ढोल काय, सगळं चित्रातलं. 'संघे शक्ती.' 'सोशल मीडियाची ताकद.' एकानं ओंकारला भावी आमदार करून टाकलं.

दखल अशी घेतली, की मन्मथअप्पांना निलंबित केलं. आणि 'पुरेसे भारमान नसल्याने' फेरी बंद. भारमान म्हणजे गाडीत माणसं किती बसली त्याचं माप. पुरावा म्हणून आमचाच व्हिडिओ जोडलेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ह्याला. कमानीवाला चोर तसाच उभा, कमानीखाली.

ग्रुपवर त्या दिवशी काय झालं असेल? शोकसभा. 'निषेध! निषेध!! निषेध!!!' काळी चौकट. 'मी मन्मथअप्पा.' असं लिहून प्रत्येकानं आपल्या फोटोच्या जागी अप्पांचा तोच हसरा फोटो लावला, ज्या फोटोपायी ते घरी बसले होते. छी! मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की किळस ही खरोखर घशातून वर येणारी गोष्ट आहे.

मग चौकशी लागली. डेपोत गावकऱ्यांचा जबाब घेणार होते, की हा माणूस डब्यांचे पैसे घ्यायचा का. नाही घेत हे एवढंच सांगायचं होतं. ग्रुपवर 'मी आहे सोबत'ची रांग लागली. पण जबाबाला गेलं की आपलं नाव लागणार, आपल्याही डब्याचं भाडं मागे लागलं तर? ओंकारला रजा नव्हती. तलाठ्याला शुगर. शिवराज म्हणाला, "उगं सरकारच्या नादी कशाला लागायचं?" महादेवी म्हणाली, "मी जाते." आणि डोक्यावर पदर घेऊन निघाली. सोबतीला मी.

डेपोतले चौकशीचे साहेब वाईट बोलले नाहीत. तेच जास्त झोंबतं. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "घाबरू नका, खरं ते सांगा. डब्याचे किती घ्यायचा?"

"एक पैसा न्हाई, साहेब. देवाशपथ."

"असं कसं? इतकी वर्षं फुकट कोण नेतं?"

"त्यो नेतो की. तसा माणूस हाय त्यो."

"म्हणजे कधीच काही घेतलं नाही? आठवून सांगा."

महादेवीला वाटलं, अप्पांचा चांगुलपणा साहेबांना अजून पटलेला नाही. तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "घेणारा माणूस न्हाई हो त्यो. येळवशीला आमच्या शेतात चार घास खाल्ले, तेवढंच. ते बी मीच हाताला धरून नेलं, माझ्या हातानं वाढलं. दोनदा आंबील घेतलं."

साहेबांनी लेखनिकाकडे पाहिलं. लेखनिकानं लिहिलं, आणि वाचून दाखवलं, 'सदर कर्मचाऱ्याने डबे वाहतुकीच्या मोबदल्यात अन्नपदार्थ स्वीकारल्याचे साक्षीदाराने मान्य केले.'

मी ताडकन उठले. म्हटलं, "साहेब, येळवस आहे ती! त्या दिवशी जेवायला घालणं हा धर्म आहे आमचा. तुम्ही इथलेच ना? तुम्ही नाही जेवलात कुणाच्या शेतात?" साहेब हसले. म्हणाले, "मॅडम, मी पण जेवतो. पण कागदावर येळवस कशी लिहायची, तुम्हीच सांगा." महादेवीला त्यातलं 'मोबदला' एवढंच कळलं. "आक्का, मी काय चुकीचं बोलले का?" ती विचारत होती. चहा समोर आला. साहेबांनी आग्रहानं पाजला. तो काही कुणी लिहून घेतला नाही.

अप्पांची वेतनवाढ रोखली आणि लांब बदली केली. गाडी गेली ती गेलीच. पंधरा दिवसांत क्लासवाल्यांच्याच एका पाहुण्यानं 'घरची चव' म्हणून डब्यांचा टेम्पो सुरू केला. टेम्पोवर पुढाऱ्याचा फोटो. पैसे रोख, आगाऊ. आणि आमच्या ग्रुपनं, ज्यानं गाडी वाचवायची शपथ घेतली होती त्यानं, 'गावासाठी स्तुत्य उपक्रम' म्हणून त्या माणसाचा जाहीर सत्कार मांडला. ज्यांना टेम्पो परवडला त्यांनी लावला. ज्यांना नाही परवडला त्यांनी मुलगे मेसला घातले आणि मुली घरी आणल्या.

भाग्यश्री परीक्षेला महिना उरला असताना घरी आली. बॅगेत पुस्तकं, आणि पिशवीत घासूनपुसून स्वच्छ केलेला डबा. शिवराजनं काही रागावून आणलं नाही. अट मोडली एवढंच. "घरी बसून काय अभ्यास हुईना व्हय?" म्हणाला. झाला. पास झाली, बऱ्या मार्कांनी. डॉक्टरकीची परीक्षा तिच्या हातून गेली, आता औशाच्या कॉलेजात जाते. डॉक्टरकीचा विषय त्या घरात कुणी काढत नाही. महादेवी अजून मला एकटीला गाठून विचारते, "आक्का, मी जेवणाचं बोलले नसते तर?" मी तिला सांगते, तुझं काही चुकलं नाही. तिला ते पटत नाही.

ह्या सगळ्याला किती जणांना दोषी धरू? सरकार तर आहेच. त्याला शिव्या घालून तोंड दुखतं, त्याला काही दुखत नाही. पण माझा जास्त राग आमच्यावर आहे. आम्हाला वाटलं, आपली गोष्ट सुंदर आहे म्हणजे ती ऐकणाराही तिला सुंदर म्हणेल. आम्ही आमचं सगळ्यात चांगलं माणूस, सगळ्यात चांगल्या दिवशी, सगळ्यात चांगलं हसताना काढलं, आणि ज्यांच्याकडून वाचवायचं त्यांच्याच हातात नेऊन ठेवलं. भांडणात असं कुणी करतं का? भाऊबंदकीच्या भांडणात तर आम्ही आमची बैलंसुद्धा दाखवत नाही.

काल मी बिलोलीला गेले होते, एका जुन्या सहकारी बाईंच्या मुलीच्या साखरपुड्याला. दुपारी परतीची नांदेडची गाडी धरली. तिकिटाला कंडक्टर आला, आणि मी वर बघितलं तर मन्मथअप्पा. भस्म तेच. मिशा पार पांढऱ्या. त्यांनीही ओळखलं.

"ताई, तुम्ही? बऱ्या हाव का?"

मी बरी आहे म्हटलं. त्यांनी मशीनमधून तिकीट काढलं, हातात दिलं, तरी पुढे गेले नाहीत. मग हळूच विचारलं, "त्या पोरीचं काय झालं? भाग्यश्रीचं?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "हुशार होती. डबा नेहमी घासून आणायची."  पिशवीत साखरपुड्याचे पेढे होते. एक पुढं केला. त्यांनी हात मागं घेतला. रागानं नाही, सवयीनं.

"नगं ताई. ड्युटीवर काही खात न्हाई मी आता."

एका फाट्यावर गाडी थांबली. एक बाई धावत आली, डोक्यावरचा पदर सुटलेला, हातात पिशवी, पिशवीत डबा. पायरीशी येऊन वर हात करत म्हणाली, "मामा, एवढा डबा न्या की नांदेडला. पोरगी स्टँडवर येऊन थांबलीय. टेस्ट हाय तिची, सकाळधरनं उपाशी हाय."

अप्पा म्हणाले, "तुम्ही बसा. तिकीट काढा. सामान एकटं जात न्हाई."

"मी कशी येऊ, मामा? घरी म्हातारी अंथरुणाला हाय. एक डबाच हाय."

"न्हाई जमत."

बाई तशीच हात वर करून उभी. अप्पांनी तिच्याकडे न बघता दोरी ओढली. घंटी वाजली, गाडी हलली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडलेच, "अप्पा! एक डबा! तुम्ही?"

ते माझ्या बाकापाशी आले. दांडीला धरून वाकले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "ताई, गाडीत समद्यांच्या हातात मोबाईल हाय."

माझ्याही होता. मी तो पर्समध्ये टाकला.